कोंबडीच्या पायाची जखम : शुश्रूषा आणि प्रतिबंध

कोंबडी हा पायांवर पोट भरणारा पक्षी आहे. सकाळी खुराड्याचे दार उघडल्यापासून दिवस मावळेपर्यंत ती माती उकरते, उकिरडा विस्कटते, दाणा, किडा आणि कोवळा पाला शोधत हिंडते. ज्या कोंबडीचा पाय दुखावला तिचे उकरणे थांबते, उकरणे थांबले की खाणे घटते आणि खाणे घटले की अंडे बंद होते. देशी कोंबडी वर्षातून तीन-चार वेळा अंड्यावर येते आणि प्रत्येक खेपेस साधारणतः १२ ते १५ अंडी देते. पायात मोडलेल्या एका काट्याने अशी एक खेप बुडाली, तर एक संपूर्ण पिलावळ हातची गेली असे समजावे. परसातील कोंबड्यांचा पैसा बहुतेक घरी गृहिणीच्या हाती असतो. मुलांच्या वह्या, औषधपाणी आणि बाजारातील किरकोळ खर्च त्यातून भागतो. यास्तव कोंबडीचा पाय ही क्षुल्लक बाब नव्हे.

पायाची बहुतेक दुखणी वेळीच लक्षात आल्यास घरच्या घरी बरी होऊ शकतात. मात्र केवळ पायावर औषध लावून भागत नाही. लंगडणारी कोंबडी ही ज्या जमिनीवर ती वावरते त्या जमिनीची तक्रार घेऊन आलेली असते. पायाची शुश्रूषा आणि जमिनीची दुरुस्ती ही दोन्ही कामे एकाच दिवशी हाती घेतली, तरच दुखणे पुन्हा उद्भवत नाही.

मळ्याची जमीन आणि माळाची जमीन

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील लगतचे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. दोहोंच्या मधून भीमा वाहते. रांजणगाव सांडसजवळ तिला मुळा-मुठा मिळते आणि शिरूर शहराच्या कडेने घोड नदी जाते. नदीकाठच्या काळ्या जमिनीत, तसेच खडकवासल्याहून दौंडकडे येणाऱ्या आणि चासकमानहून शिरूरकडे येणाऱ्या कालव्यांच्या लाभक्षेत्रात उसाचे मळे आहेत. त्यापलीकडे मुरमाड माळरान, बाजरी-कांद्याची शेते आणि मेंढरांची चराऊ राने आहेत.

कोंबडीच्या पायाच्या दृष्टीने या दोन प्रकारच्या जमिनींचे धोके वेगवेगळे आहेत. मळ्यातील वस्तीवर ओल ही मुख्य शत्रू होय. पाण्याचा पाट, न्हाणीचे सांडपाणी आणि गोठ्यातील मूत्र यांमुळे अंगण सदा ओलसर राहते. ओल्या जमिनीवर व ओल्या गादीवर वावरणाऱ्या कोंबडीच्या तळव्याची कातडी मऊ पडते, विष्ठेतील अमोनियाने ती भाजल्यासारखी होते आणि तिला चिरा पडतात. तुटलेल्या उसाचे अणकुचीदार बुडखे अशा मऊ तळव्यात सहज घुसतात.

माळावरील वस्तीवर काटा हा मुख्य शत्रू आहे. नदी, ओढा व कालवा यांच्या काठाने पसरलेली वेडी बाभूळ, कुंपणासाठी आणलेल्या बाभळीच्या फांद्या, बोरीचे वाकडे काटे आणि पावसाळा संपताना पायवाटेवर पसरणारा सराटा हे सर्व कोंबडीच्या तळव्याला छेदणारे आहेत. शिवाय कठीण मुरमावर उंचावरून उडी मारल्याने तळव्याला मुका मार बसतो. वरून काहीही न दिसता आत सूज धरते, ती याच कारणाने.

दोन्ही ठिकाणी आढळणारा तिसरा धोका दोऱ्याचा आहे. खताच्या व पेंडीच्या पोत्यांचे नायलॉनचे धागे, सुतळी, तसेच केस विंचरल्यावर अंगणात टाकलेली गुंतवळ कोंबडीच्या बोटांत अडकते. चालताना तिचा फास आवळत जातो, रक्तपुरवठा बंद पडतो आणि चार-सहा दिवसांत बोट काळे पडून वाळते. लंगडणाऱ्या पिलाच्या बाबतीत प्रथम हा फास पाहावा.

तपासणी कशी करावी

कोंबडी दिवसा पकडण्यासाठी तिच्यामागे धावू नये. त्यामुळे दुखावलेला पाय अधिक दुखावतो. अंधार पडल्यावर ती खुराड्यात स्थिर बसते, त्या वेळी मंद प्रकाशात तिला दोन्ही हातांनी पंखांसह अलगद उचलावे. पाय धरून उलटी लोंबकळवू नये. जुन्या लुगड्याच्या स्वच्छ तुकड्यात तिला पंखांसह सैल गुंडाळून डोळ्यांवर पदर घेतला की ती शांत राहते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसाप्रमाणे पक्ष्याच्या पोटात श्वासपटल नसते. छातीचे हाड वरखाली होऊनच त्याचा श्वास चालतो. छाती घट्ट दाबून धरल्यास कोंबडी गुदमरून मरू शकते.

मग कोमट पाण्याने दोन्ही पाय धुऊन पुढील क्रमाने पाहावे :

१. दोन्ही तळवे शेजारी धरून त्यांची तुलना करावी. निरोगी तळवा लवचिक व एकसारखा असतो. लाली, चकाकी, चीर, सूज किंवा मध्यभागी काळी खपली आहे काय, ते पाहावे.

२. दोन्ही पायांना हाताच्या उलट बाजूने स्पर्श करावा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागल्यास आत दाह आहे असे समजावे.

३. बोटांच्या बेचक्यांत दोरा किंवा केस गुंतला आहे काय, नखे तुटली अथवा वेडीवाकडी वाढली आहेत काय, हे पाहावे.

४. मांडीपासून बोटांपर्यंत हळूहळू चाचपावे. हाड मोडले असल्यास तेथे अस्वाभाविक हालचाल अथवा करकर जाणवते.

५. नडगीवरील खवले उचलले जाऊन त्यांखाली पांढरट पापुद्रे साचले असल्यास ती जखम नसून खवल्यांखाली राहणाऱ्या सूक्ष्म किडीचा उपद्रव असतो. खाद्यतेल किंवा व्हॅसलीन आठवड्यातून दोन-तीनदा चोळल्याने ही कीड गुदमरते. त्याचबरोबर खुराडे व बसण्याची दांडी साफ करणे आवश्यक असते.

ताजी जखम व काटा

काटा दिसत असल्यास पाय १० ते १५ मिनिटे कोमट पाण्यात बुडवून कातडी मऊ करावी. चिमटा १० मिनिटे पाण्यात उकळून घ्यावा. काटा ज्या दिशेने घुसला असेल त्याच दिशेने सरळ ओढून काढावा. वेडावाकडा ओढल्यास टोक आत मोडते, आणि राहिलेले टोकच पुढे गळवाचे मूळ होते. दोऱ्याचा फास असल्यास बारीक कात्रीने एकेक पदर कापून काढावा. एकदम ओढू नये.

जखम धुण्यासाठी मिठाचे पाणी उत्तम. एक लिटर पाणी उकळून कोमट करावे व त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड सपाट चमचा मीठ विरघळवावे. या पाण्याने माती व घाण निघून जाईपर्यंत जखम धुवावी, स्वच्छ फडक्याने टिपावी आणि फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. त्यानंतर निर्जंतुक कापडाची लहान घडी तळव्यावर ठेवून पट्टी बोटांच्या बेचक्यांतून इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे गुंडाळून घोट्याखाली बांधावी. पट्टी इतकीच घट्ट असावी की ती निसटू नये. बांधल्यानंतर तासाभराने बोटे पाहावीत. ती थंडगार अथवा फुगलेली आढळल्यास पट्टी सोडून सैल बांधावी. पट्टी रोज बदलावी आणि ओली झाल्यास तत्काळ बदलावी.

तुटलेल्या नखातून रक्त येत असल्यास कापसाने चार-पाच मिनिटे न सोडता दाबून धरावे व टोकास तुरटीची पूड लावावी. तुरटी केवळ नखापुरती वापरावी, उघड्या मांसावर नव्हे.

खेडोपाडी जखमेवर शेण, राख, चुना, तंबाखू, रॉकेल अथवा गाडीचे जळके वंगण लावण्याची चाल आहे. ती सोडून देणे हितावह होय. शेण व राखेतून जंतू आत जातात, चुना व रॉकेल मांस भाजतात आणि कोंबडी चोचीने जखम टोचत असल्याने तंबाखूचे व वंगणाचे विष तिच्या पोटात जाते. हळद लावण्यास हरकत नाही. परंतु ती स्वच्छ, भेसळविरहित असावी, आणि हळद लावली म्हणून जखम धुण्याचे टाळू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड व स्पिरिट वारंवार वापरल्यास नव्याने भरून येणारी कातडी मरते. सबब त्यांचा रोजचा वापर वर्ज्य समजावा.

कुत्र्याने वा मुंगसाने धरलेली कोंबडी, हाड उघडे पडलेली जखम आणि मांडीचे अथवा नडगीचे मोडलेले हाड ही प्रकरणे विनाविलंब पशुवैद्यकाकडे न्यावीत. एखादे बोट मात्र कातडी न फाटता मोडले असेल, तर पंजाच्या आकाराचा जाड पुठ्ठा कापून त्यावर बोटे सरळ ठेवून पट्टीने बांधता येतात. पक्ष्यांची हाडे लवकर जुळतात. सुमारे तीन आठवड्यांत हा पुठ्ठा काढता येतो.

तळव्याचे गळू

दुर्लक्षित जखमेचे पुढचे रूप म्हणजे तळव्याचे गळू. इंग्रजीत यास ‘बंबलफूट’ म्हणतात. कातडीवर व धुळीत नेहमी असणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणू चिरेतून आत शिरतात आणि तळव्याच्या गादीत गाठ धरते. ही गाठ माणसाच्या गळवासारखी पिकून आपोआप फुटत नाही. माणसाचा पू पातळ असतो, कारण आपल्या पांढऱ्या पेशींतील द्रव्ये मृत पेशी विरघळवितात. पक्ष्यांच्या पेशींत ही शक्ती अपुरी असते. त्यामुळे त्यांचा पू घट्ट, खव्यासारखा राहतो. म्हणूनच कोंबडीचे गळू पिळून काही निघत नाही. उलट जोराने पिळल्याने जंतू खोलवर स्नायुबंधांत व सांध्यांत ढकलले जातात.

या रोगाच्या तीन अवस्था ओळखाव्यात. पहिल्या अवस्थेत तळवा लालसर व चकचकीत दिसतो अथवा त्यावर लहानसा घट्टा असतो. कोंबडी अद्याप लंगडत नाही. दुसऱ्या अवस्थेत मध्यभागी काळी खपली, भोवती सूज व चालताना लंगडणे ही लक्षणे दिसतात. तिसऱ्या अवस्थेत पंजा वरच्या बाजूसही फुगतो, गरम लागतो, बोटे फाकतात, सूज घोट्याकडे चढते आणि कोंबडी बसून राहते.

पहिल्या अवस्थेत औषधापेक्षा बिछान्याचे महत्त्व अधिक आहे. मऊ व कोरडी गादी, बुटकी दांडी आणि आठ-दहा दिवसांची विश्रांती एवढ्यानेच पुष्कळ पाय बरे होतात. दुसऱ्या अवस्थेत रोज एकदा १५ मिनिटे कोमट पाण्यात पाय शेकावा. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घातल्यास सूज उतरण्यास मदत होते. खपली मऊ होऊन सहज निघाली तर खालचा घट्ट पू निर्जंतुक चिमट्याने जितका सुटा येईल तितकाच काढावा, जखम मिठाच्या पाण्याने धुवावी, आयोडीन लावावे व पट्टी बांधावी. हे काम रोज करावे लागते आणि त्यास दोन-तीन आठवडेही लागू शकतात. चार-पाच दिवसांत उतार न दिसल्यास पशुवैद्यकाकडे जावे. तिसऱ्या अवस्थेत घरगुती उपाय करू नयेत. दाढीच्या पात्याने तळवा कापण्याचा प्रकार तर कधीच करू नये. तळव्यात रक्तवाहिन्या व बोटे हलविणारे स्नायुबंध अगदी जवळजवळ असतात. एक चुकीचा छेद कोंबडीस कायमची पांगळी करतो.

हे जिवाणू माणसाच्या कातडीवरील जखमेतही शिरू शकतात. पाय हाताळताना रबरी हातमोजे किंवा स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातावर घालावी, नंतर साबणाने हात धुवावेत आणि निघालेला पू व जुन्या पट्ट्या जाळून टाकाव्यात.

विश्रांतीची जागा, दाणा व पाणी

जखमी कोंबडी कळपात ठेवू नये. रक्ताचा लाल रंग दिसताच इतर कोंबड्या तेथे टोचू लागतात, आणि दुबळीला दाण्यावरून हुसकून लावणे हा कळपाचा रिवाजच आहे. तिला डालग्याखाली अथवा हवेशीर खोक्यात ठेवावे. खाली सात-आठ सेंटिमीटर जाडीची कोरडी गादी असावी. मात्र तिला कळपापासून फार दूर नेऊ नये. इतरांचा आवाज तिच्या कानी पडत राहिला तर ती लवकर खाऊ लागते आणि पुढे कळपात परतताना परकी ठरत नाही. परत सोडताना सायंकाळी, सर्व कोंबड्या माच्यावर बसल्यावर, तिला त्यांच्यात ठेवावे.

लंगडी कोंबडी जखमेने मरण्यापूर्वी पुष्कळदा तहानेने खंगते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. अंड्यावरील कोंबडीस दिवसाला सुमारे पाव लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात ते बरेच वाढते. पाण्याचे भांडे तिच्या चोचीजवळ, उठावे न लागता पोहोचेल असे ठेवावे. भरड बाजरी व मका यांबरोबर थोडी भुईमुगाची पेंड द्यावी. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी तळव्याची कातडी कोरडी व चिरटी होते. ते भरून काढण्यास लसूणघास, शेवग्याचा पाला आणि पिवळा मका ही स्वस्त व हाताशी असलेली साधने आहेत.

पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडण्याचा धोका असतो. पट्टी बांधलेली ठेवणे व डालग्यावर जाळीचे कापड टाकणे हा सोपा उपाय आहे. अळ्या दिसल्याच तर त्या चिमट्याने वेचून जखम मिठाच्या पाण्याने धुवावी व पशुवैद्यकास दाखवावी. फिनेल किंवा डांबराच्या गोळ्यांची पूड जखमेत भरू नये.

औषधांविषयी सावधगिरी

प्रतिजैविक औषध पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय देऊ नये, व दिल्यास सांगितलेले सर्व दिवस पुरे करावे. औषध चालू असताना व नंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाऊ अथवा विकू नयेत. कापणीसाठीही तोच नियम पाळावा.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कोंबडीस कदापि देऊ नयेत. डायक्लोफिनॅक हे औषध दिलेल्या जनावरांची प्रेते खाऊन भारतातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या संख्येने मेली आणि त्यामुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या उत्पादनावर २००६ साली बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते घातक ठरू शकते. घरात पाठदुखीसाठी आणलेली गोळी दयेपोटी कोंबडीला चारणे हे तिला विष देण्यासारखे आहे.

प्रत्येक लंगडणे जखमेचे नसते

तपासणीत पायावर काहीच न आढळल्यास दुखणे अन्यत्र आहे असे समजावे. दीड ते पाच-सहा महिने वयाच्या पक्ष्याचा एक पाय पुढे व दुसरा मागे ताणला गेल्यास तो मॅरेक रोग असण्याचा संभव असतो. हंगेरीतील पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. त्यावर उपचार नाही. पिल्लू अंड्यातून निघताच द्यावयाची लस हाच बचाव. यास्तव पिल्ले विकत घेताना ही लस दिली आहे काय, हे विचारून घ्यावे. दोन-तीन आठवड्यांच्या पिलांची बोटे आत मुडपत असल्यास आहारात रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, कमी पडत असते.

लंगडण्याबरोबर हिरवट हगवण, मान वाकडी होणे व धाप लागणे ही लक्षणे अनेक पक्ष्यांत दिसल्यास मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगाचा संशय घ्यावा. लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे करून घेणे हाच त्यावर उपाय आहे. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मरू लागल्या, तुरे निळसर पडले व नडग्यांवर लाल-जांभळे डाग दिसले, तर बर्ड फ्लूची शंका घेऊन कोणत्याही पक्ष्यास हात न लावता लगेच पशुसंवर्धन खात्यास कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे या रोगाची भारतातील पहिली साथ आली. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातही तो आढळला. एक कोंबडी लंगडली तर पाय पाहावा. दहा कोंबड्या एकदम लंगडल्या तर पशुवैद्यकास बोलवावे. हा साधा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जमिनीची दुरुस्ती

कोंबडीस पट्टी बांधून झाली की त्याच दिवशी अंगणात एक फेरी मारावी. काटेरी जळणाचा ढीग कोंबड्यांच्या वाटेवर असल्यास तो हलवून कडेला रचावा. कुंपणाचे गळलेले काटे झाडून जाळावेत. सराटा फुलावर असतानाच उपटावा. फळे वाळून पसरल्यावर त्याचे निर्मूलन कठीण होते. काच, पत्र्याचे तुकडे, तार व ठिबकच्या नळ्यांचे तुकडे वेचावेत. पोत्यांचे धागे व विंचरलेले केस टाकण्यासाठी एक डबा ठरवून ठेवावा.

न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात अथवा केळीच्या आळ्यात वळवावे. खुराड्यातील गादीसाठी मावळ-भोर भागातून येणारे भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले वापरता येतात. उसाचे पाचट वापरावयाचे असल्यास ते बारीक कुट्टी करून पूर्ण वाळवावे. गादीची ओल पाहण्याची कसोटी सोपी आहे. मूठभर गादी घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, तो हळूहळू भुगा होऊन सुटला तर योग्य आहे. ओली गादी काढून टाकावी व उरलेली दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करावी. कराराने मांसल पक्षी वाढविणाऱ्या मोठ्या शेडमध्येही हाच नियम लागू पडतो. तेथे पाण्याच्या गळक्या निपलखालील ओला पट्टा हेच तळवे भाजण्याचे मुख्य ठिकाण असते.

बसण्याची दांडी चार-पाच सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेली व गाठी तासलेली असावी. देशी कोंबडी सव्वा-दीड किलोची व चपळ असते, ती बाभळीवर बसली तरी सहसा निभावते. परंतु गिरिराजा, वनराजा यांसारखे सुधारित जातींचे पक्षी वजनाने तिच्या दुप्पट वा अधिक भरतात. त्यांच्यासाठी दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच ठेवू नये, व उतरण्याच्या जागी भुसा पसरावा. जातिवंत पक्षी आणून त्यांना देशी कोंबड्यांच्या माच्यावर चढविणे ही नव्या कुक्कुटपालकांकडून नेहमी घडणारी चूक होय.

आठवड्याची पाहणी

आठवडेबाजाराच्या आदल्या सायंकाळी खुराडे बंद करताना प्रत्येक कोंबडीचे दोन्ही तळवे एकदा पाहण्याची सवय ठेवावी. दहा-पंधरा कोंबड्यांना यासाठी पाव तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी पाहण्यात सोय अशी की, आयोडीन, पट्टी अथवा एप्सम मीठ आणावयाचे असल्यास ते दुसऱ्याच दिवशी आणता येते आणि दुखणे वाढलेले असल्यास तालुक्याच्या गावी जाताना कोंबडी पाटीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखविता येते. पायाचे स्वच्छ छायाचित्र भ्रमणध्वनीवर पशुवैद्यकास आधी पाठविल्यास कोंबडी आणावी की घरीच शुश्रूषा करावी, याचा सल्ला मिळू शकतो.

सर्व प्रयत्न करूनही एखादी कोंबडी वाचत नाही. सूज घोट्यावर चढलेली, खाणे सोडलेली व हाड सडलेली कोंबडी दिवसेंदिवस तडफडत ठेवणे ही भूतदया नव्हे. अशा वेळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिचा शेवट त्वरित व कमीत कमी वेदनेने करावा. तिचे मांस खाऊ नये, विकू नये, आणि शव ओढ्यात वा उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

परंतु अशी पाळी क्वचितच यावी. तळव्यावरील लाली पाहिलेला डोळा, उकळून घेतलेला चिमटा, कोरडी गादी आणि झाडलेले अंगण यांना फारसा पैसा लागत नाही, लागते ते लक्ष. शिरूरच्या माळावरील असो वा दौंडच्या मळ्यातील असो, ज्या घरची गृहिणी कोंबडीच्या पायाकडे आणि त्या पायाखालच्या जमिनीकडे आठवड्यातून एकदा पाहील, तिच्या खुराड्यातील पिलावळ काट्यापायी बुडणार नाही.